मदत हवी आहे: इंग्रजी अर्जात ‘सोबत कागद जोडले आहेत’ हे नेमकं कसं लिहायचं?

खानापूरवाट
पुण्यातल्या एका विद्यापीठाला इंग्रजीत अर्ज पाठवायचा आहे, स्पीड पोस्टनं. प्रवेश अर्जावरचं नाव दहावीच्या (एसएसएलसी) मार्क्स कार्डाशी जुळत नाही, ते दुरुस्त करून हवंय. सोबत पाच कागद आहेत: मार्क्स कार्डाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, नाडकचेरीतला (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) रहिवासी दाखला (कन्नडमध्ये), नोटरीसमोर केलेलं मूळ अफिडेव्हिट आणि पाचशेचा डीडी (डिमांड ड्राफ्ट). झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून मिळालेलं वाक्य असं:

‘एन्क्लोज्ड हिअरविथ प्लीज फाइंड द अटॅच्ड डॉक्युमेंट्स फॉर युवर काइंड परूझल अँड डू द नीडफुल.’

एन्क्लोज्ड, अटॅच्ड की अ‍ॅनेक्स्ड? आणि खाली ‘एन्क्ल.’ (एन्क्लोजर्स) लिहितात ते सहीच्या वर की खाली? जाणकारांनी सांगावं.

जुना_टायपिस्ट
त्या एका वाक्यात तीन पत्रं कोंबलीत. सोडवून घेऊ.

एन्क्लोज्ड म्हणजे त्याच पाकिटात घातलेलं. अटॅच्ड म्हणजे पत्रालाच टाचलेलं, आणि आता ईमेलला जोडलेलं. पोस्टानं जाणाऱ्या अर्जात एन्क्लोज्ड लिहा, विषय संपला. हिअरविथ म्हणजेच ‘यासोबत’, त्यामुळे ‘एन्क्लोज्ड हिअरविथ’ म्हणजे ‘सोबत यासोबत जोडलं आहे’. काढा.

‘प्लीज फाइंड एन्क्लोज्ड’ चुकीचं नाही, फक्त जुन्या वळणाचं आहे. त्यावरून कुणी अर्ज परत करत नाही. पण साधं ‘आय एन्क्लोज द फॉलोइंग डॉक्युमेंट्स’ जास्त सरळ, आणि त्यात एकवचन-अनेकवचनाची भानगडही नाही. ‘एन्क्लोज्ड इज’नं सुरुवात केली की पुढे दोन कागद आले तरी लोक ‘इज’च ठेवतात. तिथे ‘आर’ हवं.

‘फॉर युवर काइंड परूझल’ म्हणजे लक्षपूर्वक वाचण्यासाठी. अफिडेव्हिट वाचतील, डीडी काय वाचणार? तो वटवायचा असतो. आणि ‘डू द नीडफुल’मध्ये नीडफुल काय ते टेबलावरच्या माणसानं ओळखायचं का? त्या जागी मागणी लिहा: ‘प्लीज करेक्ट माय नेम इन युवर रेकॉर्ड्स टू मॅच माय एसएसएलसी मार्क्स कार्ड.’ हे वाक्य अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हवं, कागदांच्या ओळीच्या शेपटीला नाही.

‘एन्क्ल.’ सहीच्या आणि नावाच्या खाली, डाव्या समासाला. कुणाला प्रत पाठवत असाल तर ‘कॉपी टू’ त्याच्याही खाली.

शहापूरकर
नुसतं ‘एन्क्ल.: अ‍ॅज अबव्ह’ लिव्हलं तर चालतंय की ओ! सगळी तसंच लिवतात.

जुना_टायपिस्ट
चालतंय, पण वर मजकुरात एकेक कागदाचं नाव आलेलं असेल तरच. इथे वर ‘डॉक्युमेंट्स’ एवढंच आहे, मग ‘अ‍ॅज अबव्ह’ म्हणजे कुठलं अबव्ह? ‘एन्क्ल.: ५’ हाही तसाच. पाच काय, ते कळत नाही. एक कागद गहाळ झाला तर कुठला ते तुम्हालाही दाखवता येणार नाही. पोस्टाची पावती पाकीट गेल्याचं सांगते, आत काय होतं ते सांगत नाही. ते सांगणारी एकच जागा, ही यादी. म्हणून वाक्य आखूड ठेवा आणि यादी लांब करा.

प्रत्येक ओळीत चार गोष्टी: कागदाचं नाव, नंबर, तारीख, आणि मूळ की प्रत. पानं एकापेक्षा जास्त असतील तर पानांची संख्याही. उदाहरणार्थ, ‘३. रेसिडेन्स सर्टिफिकेट नंबर अमुक, डेटेड अमुक, सेल्फ-अटेस्टेड कॉपी, इन कन्नड, विथ इंग्लिश ट्रान्सलेशन, २ पेजेस.’ नाडकचेरीच्या दाखल्यावर ‘आरडी’नं सुरू होणारा नंबर असतो, तोच टाका. त्यावरून दाखला ऑनलाइन तपासता येतो.

यादीतला आकडा त्या त्या कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहा आणि कागद त्याच क्रमानं लावा. डीडीला स्टेपलर मारू नका, आधी साध्या पाकिटात घाला आणि ते पाकीट अर्जाला यू-पिननं लावा.

खानापूरवाट
कन्नड दाखल्याचं भाषांतर द्यायलाच हवं का? आणि पुण्यात ‘मार्क्स कार्ड’ म्हटलेलं कळेल? तिकडे मार्कशीट म्हणतात.

टिळकवाडी_तिसरं_गेट
भाषांतर द्या. पुण्यातल्या कारकुनाला कन्नड वाचता येत नाही आणि त्यानं ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं अशी अपेक्षाही धरू नये. भाषांतराखाली करणाऱ्याची सही, नाव, तारीख आणि ‘ट्रू ट्रान्सलेशन फ्रॉम कन्नड’ एवढं असावं. नोटरीचा शिक्का लागतो का ते त्या विद्यापीठाच्या सूचनांत बघा. यादीत मूळ दाखला आणि भाषांतर एकाच नंबराखाली ठेवा. दोन नंबर दिले तर दोन वेगळे कागद आहेत असं वाटतं.

मार्क्स कार्डाचं नाव मात्र बदलू नका. कागदावर जे छापलंय तेच यादीत. आपल्याकडे दहावी म्हणजे एसएसएलसी, महाराष्ट्रात एसएससी. कळावं म्हणून तुम्ही एसएससी लिहिलंत, तर तपासणारा एसएससीचा कागद शोधणार आणि हातात एसएसएलसीचा येणार. फार तर पुढे ‘स्टँडर्ड टेन, कर्नाटक’ जोडा. बारावीचा कागद असता तर तेच, पीयूसी म्हणजे पीयूसीच.

बेळगावच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झालं. मार्क्स कार्ड त्याआधीचं असेल तर त्यावर बेलगाम असणार आणि आधारवर बेळगावी. नावाच्या दुरुस्तीचाच अर्ज आहे, तर आणखी एक तफावत बघून कुणीतरी शेरा मारायच्या आत अर्जातच एक ओळ टाका: ‘बेलगाम अँड बेळगावी आर द सेम प्लेस.’ भावना बाजूला ठेवा, इथे फाइल पुढे सरकवायची आहे.

धारवाड_बेंच
अ‍ॅनेक्स्डचं राहिलं. अ‍ॅनेक्श्चर म्हणजे ज्याच्यावर मुख्य मजकूर उभा आहे असा जोडकागद. रिट याचिका, अफिडेव्हिट, करार यात तो शब्द शोभतो. तिथे मजकुरातच ‘प्रोड्यूस्ड अ‍ॅज अ‍ॅनेक्श्चर-ए’ येतं आणि त्या कागदावरही ‘अ‍ॅनेक्श्चर-ए’ लिहिलेलं असतं. खालच्या कोर्टातलं ‘एक्झिबिट पी-१’ वेगळं. तो नंबर पुराव्याच्या वेळी कोर्ट देतं, आपण घरून घालून न्यायचा नाही. साध्या अर्जाला एन्क्लोजर पुरे.

पण तिथली एक सवय उचलण्यासारखी आहे: ज्या वाक्याला कागदाचा आधार आहे त्याच वाक्यात त्याचा नंबर. ‘माय नेम इज प्रिंटेड करेक्टली ऑन माय एसएसएलसी मार्क्स कार्ड, एन्क्लोजर १.’ वाचणाऱ्याला पाच कागद चाळावे लागत नाहीत.

शहापूरकर
आणि हेच ईमेलनं बी धाडायचं असलं तर?

जुना_टायपिस्ट
सही केलेला अर्ज स्कॅन केलात तर त्यातलं ‘एन्क्ल.’ तसंच राहू द्या, ते पत्राचं अंग आहे. ईमेलच्या मजकुरात मात्र ‘आय हॅव अटॅच्ड माय अप्लिकेशन अँड इट्स फाइव्ह एन्क्लोजर्स अ‍ॅज वन पीडीएफ’. मूळ अफिडेव्हिट आणि डीडी ईमेलनं जात नाहीत, म्हणून पुढे ‘द ओरिजिनल अफिडेव्हिट अँड द डिमांड ड्राफ्ट आर बीइंग सेंट बाय स्पीड पोस्ट’ आणि पावतीवरचा ट्रॅकिंग नंबर. जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे. फाइल त्याहून मोठी झाली की ती ड्राइव्हची लिंक होते, मग अटॅच्ड म्हणणं खोटं ठरतं आणि लिंक उघडायची परवानगी द्यायची राहून जाते. स्कॅन हलका करा. फाइलचं नाव ‘स्कॅन००१’ नको, स्वतःचं नाव आणि अर्ज क्रमांक घाला.

ट्रॅकिंग नंबरासकट पाठवलेली ही ईमेल पाकिटात काय होतं याची तारखेची नोंदही होते. हाती नेऊन देणार असाल तर यादीसकट दुसरी प्रत न्या आणि आवक शिक्का तिच्यावर घ्या. शिक्का यादीच्या पानावर हवा, पहिल्या पानावर असून यादी मागच्या पानावर असेल तर तिथेही मागून घ्या.

खानापूरवाट
सगळ्यांचे आभार. आता असं केलंय:

‘आय एन्क्लोज द फाइव्ह डॉक्युमेंट्स लिस्टेड बिलो.’

मग सही, नाव, आणि खाली ‘एन्क्ल.:’ धरून पाच ओळी. शेवटची ओळ: ‘५. डिमांड ड्राफ्ट नंबर अमुक, फॉर रुपीज ५००, ओरिजिनल.’ बरोबर आहे?

धारवाड_बेंच
पाचव्या ओळीत बँक आणि तारीख राहिली. तारीख विसरू नका. १ एप्रिल २०१२ पासून डीडी तारखेपासून तीनच महिने चालतो, आणि तिकडे अर्ज टेबलावर पडून राहिला तर डीडी किती दिवसांचा आहे ते तुमच्या प्रतीवरूनच कळणार.