जंबुपार, अतिनील आणि नीलसृती

खानापूरकर: दहावीच्या पोरांसाठी सूर्याच्या किरीटावर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या तप्त वातावरणावर, टिपण लिहालोय. त्यात 'अतिनील वर्णपटरेषेची नीलसृती' असं आलं. एका पोरीनं विचारलं, "सर, रेषा आधीच निळ्याच्या पलीकडं आहे की. मग निळ्याकडं सरकली म्हणजे मागं आली?" काय सांगू ओ?

निपाणीकर: पोरगी हुशार. नीलसृती म्हणजे तरंगलांबी घटणं, एवढंच. दृश्य प्रकाशात आखूड लांबीचं टोक निळं, म्हणून ते नाव. अतिनील भागात नीलसृती झाली की रेषा निळ्यापासून आणखी लांब जाते. ताम्रसृती, म्हणजे तरंगलांबी वाढणं, झाली तर उलट निळ्याच्या बाजूला येते! अर्थ तोच राहतो: नीलसृती म्हणजे प्लाझ्मा (विद्युतभारित तापलेला वायू) आपल्याकडं येतोय, ताम्रसृती म्हणजे दूर जातोय. सरकणं असतं मात्र चिमूटभर. अकरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची १९५.१२ अँगस्ट्रॉमची रेषा घ्या (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). प्लाझ्मा सेकंदाला ३० किमी वेगानं आला तरी ती सरकते जेमतेम ०.०२ अँगस्ट्रॉम. हे किरण हवेतून खाली येतच नाहीत, म्हणून हिनोडेसारखं सूर्य पाहणारं यान वर लागतं.

टिळकवाडी: म्हणूनच मी अतिनीलऐवजी जुना 'जंबुपार' शब्द धरून आहे. नील मधे येतच नाही. आणि कन्नडात काय म्हणतात बघा: नेरळातीत. नेरळे म्हणजे जांभूळच की! हिंदीवाले तेवढे वांग्याकडं गेले, पराबैंगनी.

खानापूरकर: शब्द झकास, पण पोरांच्या कानावर अतिनीलच आहे. जंबुपार लिहिलं तर आधी तोच समजावत बसावं लागेल.

निपाणीकर: मग अतिनील ठेवा आणि नीलसृतीच्या जागी 'रेषा आखूड लांबीकडं सरकली' लिहा. आणि 'वेग' नुसता लिहू नका, 'दृष्टिरेषेतला वेग' म्हणा, म्हणजे आपल्याकडं येण्याचा किंवा दूर जाण्याचा. सूर्यबिंबाच्या मध्यावर तो वरखाली हालचाल दाखवतो, कडेला आडवी.

खानापूरकर: आणि रेषा फुगते त्याला? 'प्रसरण' लिहिलंय.

टिळकवाडी: प्रसरण नको. किरीटच फुगतोय असं वाटतं. 'रुंदावणे' लिहा. १५ लाख केल्विनला लोहाच्या अणूंची औष्णिक धावपळ सेकंदाला साधारण २१ किमी. रेषा त्याहून रुंद दिसते. उपकरणानं वाढवलेली रुंदी वजा करूनही जे उरतं, तो 'अनौष्णिक वेग'. तो लाटांमुळं की खळबळीमुळं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. टिपणात दोन्ही लिहा.