एक्सेलमध्ये नेमकं काय यायला हवं

बीबीए झालेल्याला नाशकात सेल्सशिवाय काही मिळत नाही, सरळ पुणं गाठावं, असं म्हटलं जातं. हे पटत नाही. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांना खरेदी आणि अकाउंट्स सांभाळणारा माणूस लागतो. त्याला खरेदीची नोंद जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीशी, जुळवता आली पाहिजे, आणि नेमकं हेच कॉलेजात कुणी करून घेत नाही.

२बी १४ तारखेला येतं, दरमहा भरणाऱ्यांची ३बीची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची, मुदत २०ची. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून परचेस रजिस्टर एक्सेलमध्ये काढा, त्यात आणि २बीतही जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नंबर) आणि बिल नंबर जोडून एक कॉलम करा, मग व्हीलुकअप (एका शीटमधली नोंद दुसरीत शोधणारं सूत्र) लावा. घोळ होतो तो बिल नंबरात: पुरवठादार '०४५' भरतो, आपल्याकडे नुसतं '४५' टाकलेलं असतं, आणि पोर्टलवर असलेलं बिलही सापडत नाही. म्हणून आधी ट्रिम वापरून मोकळ्या जागा काढा, पुढची शून्यं उडवा, करातला रुपयाभराचा फरक सोडून द्या. तरी न जुळलेली बिलं पुरवठादाराला लगेच कळवा. २बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, त्या महिन्यात मिळत नाही, तेवढा कर मालकाच्या खिशातून जातो. इंटरव्ह्यूला जाताना अशी एक जुळवलेली शीट, पार्ट्यांची नावं बदलून, नक्की सोबत न्या.