इव्हेंटच्या कामात मुलींनी स्वागताच्या टेबलापलीकडे कसे जावे?

प्रश्न (कर्वेनगर):
मी पुण्यातील एका इव्हेंट कंपनीत दोन वर्षे काम करते आहे. माझ्याबरोबर रुजू झालेले दोघे मुलगे आज स्टेज, लाइट-साउंड आणि व्हेंडरांचे हिशेब सांभाळतात. मला मात्र लग्न असो वा कंपनीचे संमेलन, नोंदणीच्या टेबलावर किंवा पाहुण्यांच्या स्वागतालाच उभे केले जाते. रात्रीचे काम मला झेपणार नाही, हे मला न विचारताच ठरले आहे. रात्री दोनला एकटीने परतायचे म्हटले की बाबाही काळजीत पडतात. या क्षेत्रात मला पुढे वाव आहे का?

उत्तर (या व्यवसायात 14 वर्षे):
वाव आहे, परंतु ज्याच्या सहीशिवाय मांडववाल्याचे बिल निघत नाही, त्यालाच इथे बढती मिळते. म्हणून 'मोठे काम द्या' असे मोघम न म्हणता, एका कार्यक्रमाचे प्रॉडक्शन, दरपत्रके मागवण्यापासून मांडव उतरेपर्यंत, लेखी मागून घ्या. डीपी रस्त्यावरच्या एका लॉनवर मी पहिल्यांदा सेटअप पाहत होते, तेव्हा डेकोरेटर रात्रभर 'साहेब कधी येणार?' एवढेच विचारत होता. मी टेप लावून स्टेज मोजले, ते ठरल्यापेक्षा दोन फूट अरुंद भरले, आणि पहाटे चारला ते त्याच्याकडून वाढवून घेतले. पुढच्या हंगामात त्याने थेट मलाच फोन केला. मुलग्यांना अशी परीक्षा द्यावी लागत नाही, याचा मला आजही राग येतो.

उत्तर (वकील, शिवाजीनगर):
महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. तेव्हा गाडी हा तुमचा हक्क आहे, तिच्या अभावी मालकाने तुम्हाला रात्रीचे काम नाकारणे हा उपाय नव्हे. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामानिमित्त जावे लागणारे लॉन वा हॉटेलही कामाचे ठिकाण ठरते, आणि रोजंदारीवरील मुलींनाही त्याचे संरक्षण आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या कंपनीतील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

उत्तर (फ्रीलान्स, बाणेर):
प्रॉडक्शन हाती आले की फिरत्या स्वच्छतागृहाची ऑर्डर सेटअपच्या पहिल्या दिवसापासून लिहा. मोकळ्या मैदानावर ते बहुधा कार्यक्रमाच्या सकाळीच येते, आणि आदल्या दोन दिवसांत आमच्यासारख्या मुली पाणी पिणेच टाळतात.