शेतीची माहिती मेलवर घेऊ की फीडवर?

रावेरकर:
मंडळी एक विचारायचं होतं. आमची केळी आहे रावेरजवळ, त्यामुळे हवामान, करपा, ठिबक, भाव असं बरंच वाचत असतो अन् जिथं चांगलं दिसलं तिथं मेल देत गेलो, अशी वीस-बावीस ठिकाणं झाली. आता रोज सकाळी मेलचा ढीग असतो. मागच्या महिन्यात पीकविम्याचा मेल त्यात दबला, चार दिवसांनी दिसला तोवर कागद द्यायची मुदत निघून गेली. लई जिवाला लागलं. एकजण म्हणे आरएसएस फीड घे, पण ते गूगल रीडर, म्हणजे फीड वाचायचं गूगलचं साधन होतं, त्याच्यासोबत बंद झालं ना?

भुसावळवाला:
नाही भो, १ जुलै २०१३ ला बंद झालं ते रीडर, आरएसएस नाही. ते १९९९ पासून आहे अन् पॉडकास्ट आजही त्याच्यावरच चालतात. मेलमध्ये तुझा पत्ता समोरच्याकडे जातो, मग किती अन् कधी पाठवायचं ते तो ठरवतो. फीडमध्ये उलटं, साइटवर एक फाइल ठेवलेली असते, तुझा रीडर मधूनमधून जाऊन बघतो अन् नवीन असलं तर उचलून आणतो, तुझा पत्ता कोणाला द्यायचं कामच नाही. नको झालं तर यादीतून काढून टाक. मी एका दुकानाच्या मेलवर तीनदा अनसबस्क्राइब दाबलं तरी त्यांचे मेल चालूच होते.
रीडर म्हणून फीडली किंवा इनोरीडर घे, कॉम्प्युटरवर थंडरबर्ड पण चालतं. वर्डप्रेसची साइट असली तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश टाकून फीड लिहून बघ, बहुतेक वेळा सापडतं. अन् उद्या रीडर बदलायचा झाला तर ओपीएमएल फाइल काढून घे, सगळी यादी सोबत येते.

चोपड्याची ताई:
दादा, फीड चांगलंच आहे, मी पण वापरते, पण विमा, बँक, शाळा हे मेलवरच राहू द्या, तुमच्या नावाचं पत्र फीडमध्ये येत नसतं. दुसरं म्हणजे वर्डप्रेसच्या फीडमध्ये आपोआप शेवटचे १० लेखच असतात. निव्वळ फोनवर चालणारा रीडर घेतला अन् कापणीच्या गडबडीत महिनाभर उघडलाच नाही तर मधले लेख निघून जातात. इनोरीडरसारखे त्यांच्या सर्व्हरवर आणून ठेवतात, ते बरं. काही साइटवाले फीडमध्ये दोनच ओळी देतात, मळ्यात रेंज नसली की त्याचा काही उपयोग नाही.

धुळेकर:
ज्यांना फीडच नाही त्यांना जीमेलचा पत्ता देताना नावानंतर, @ च्या आधी, प्लस लावून शेती लिहा, इंग्रजीत, मेल तुमच्याकडेच येतो. मग त्या पत्त्यावर फिल्टर लावून वेगळं लेबल द्या, इनबॉक्स मोकळा राहतो.

रावेरकर:
काल रात्री बसून केलं सगळं. बावीसपैकी चौदा फीडवर गेले, पाच तर मी कधी उघडतच नव्हतो, ते काढले. राहिलेल्या तिघांना प्लसवाला पत्ता दिला. आज सकाळी मोटर चालू करायला गेलो तेव्हा मेल बघितला तर दोनच होते, त्यातला एक सोसायटीचा, तिथंच उभ्या उभ्या उत्तर दिलं. करप्याचे लेख दुपारी वाचीन. ताई, तुम्ही मळ्यात बिनारेंजचं वाचायला कोणतं वापरता तेवढं सांगा.