लेकाला आवडलेलं लेदर जॅकेट

सी १०२: कुणाला जुन्या लेदर जॅकेटांतलं कळतं का? लेक शिकागोला शिकतोय, तिथल्या जुन्या बाजारात एक जॅकेट त्याच्या मनात भरलंय. विकणारा सांगतोय, दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकाचं आहे. कॉलरच्या आतल्या पट्टीवर मात्र नुसतं एका स्पोर्ट्सवेअर कंपनीचं नाव. फसवतोय का?

डी ६०१: स्पोर्ट्सवेअर लिहिलंय ना वहिनी? मग नकली. सैन्याचं जॅकेट सैन्यच बनवणार.

बी ३०४: नाही हो काका, नेमकं तिथेच सगळे चुकतात. अमेरिकेच्या हवाई दलाचं सगळ्यात गाजलेलं जॅकेट म्हणजे ए-२, १९३१ सालचं. ते शिवणाऱ्यांची नावं बघा: स्टार स्पोर्ट्सवेअर, पेरी स्पोर्ट्सवेअर, युनायटेड शीपलाइन्ड क्लोदिंग. बोस्टनची केबल रेनकोट कंपनीसुद्धा! शिकागोची डुबो तर बेसबॉलचे ग्लोव्ह्ज वगैरे बनवायची. सैन्याने नमुना ठरवला, बाकी कातडं कापणारे हात आणि शिलाई मशिनं गावातल्या कारखान्यांचीच.

डी ६०१: पण नमुना तर सैन्याचाच ना?

बी ३०४: नमुन्याची मुळंही बाहेरच आहेत. लढाऊ वैमानिक हा प्रकार जन्मायच्या आधीपासून उघड्या मोटारीत बसणारे लोक लेदरचे कोट घालत होते. लंडनला आल्फ्रेड डनहिलने वडिलांचं खोगिराचं दुकान १८९३ मध्ये हातात घेतलं आणि मोटारवाल्यांसाठी कोट, गॉगल विकायला सुरुवात केली. पुढे विमानं आली तेव्हा ती उडवणारेही याच जगातले. राइट बंधूंचं सायकलचं दुकान. ग्लेन कर्टिस मोटरसायकलवाला, १९०७ मध्ये त्याने ताशी १३६ मैलांचा वेग गाठला होता. फ्रेंच वैमानिक ब्लेरिओचा धंदा मोटारीच्या दिव्यांचा. कॉकपिट उघडं, समोरून तोच बोचरा वारा, म्हणून अंगावर तेच कातडं.

बी ३०४: आणि चेन! गिडियन सुंडबॅकने ती १९१३ च्या सुमारास सुधारली, पण ‘झिपर’ हे नाव १९२३ मध्ये गुडरिच कंपनीच्या रबरी बुटांमुळे गाजलं. १९२७ च्या ए-१ जॅकेटला अजून बटणंच होती, ए-२ ला चेन आली. म्हणजे चिखलात घालायच्या बुटांवरची वस्तू वैमानिकाच्या छातीवर पोचली. मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

बी २०१: अमेलिया इअरहार्टचं पण होतं ना काका? ती तर सैन्यात नव्हती.

बी ३०४: बरोबर बेटा. १९२१ मध्ये विमान शिकायला लागली तेव्हा तिने लेदर जॅकेट घेतलं. नवंकोरं दिसू नये म्हणून ते घालूनच झोपली, असं सांगतात. नागरी वैमानिकांची ही परंपरा फार मोठी आहे, युद्धाच्या चित्रांमुळे ती झाकली गेली.

सी १०२: मग माझ्या लेकाने काय करायचं?

बी ३०४: ताई, सैन्याच्या ए-२ वर कंपनीच्या नावाबरोबर ‘टाइप ए-२’, ड्रॉइंग नंबर ३०-१४१५ आणि ऑर्डर नंबर छापलेला असायचा. नुसतं कंपनीचं नाव असेल तर ते बहुधा नागरी जॅकेट. पाठ बघायला सांगा. ए-२ ची पाठ एका सलग तुकड्याची असते. तिला चुण्या किंवा पट्टा असेल, बाजूला बकल असतील, हात खुपसायचे तिरके खिसे असतील, तर ते ए-२ नाही. खांद्यावर पट्ट्या आहेत का तेही बघा, ए-२ ला त्या असतातच.

डी ६०१: म्हणजे घेऊच नये?

बी ३०४: का नाही? १९३० च्या दशकातलं खरंखुरं घोड्याच्या कातड्याचं नागरी जॅकेट असेल तर फार छान वस्तू आहे. फक्त वैमानिकाच्या नावाने चढवलेला भाव देऊ नये. विकणाऱ्याला सरळ सांगावं, पट्टीवर जे आहे त्याचेच पैसे देईन. कातडं कोरडं पडून तडकलंय का, काखेतली शिलाई उसवलीय का, तेवढं बघून घ्यावं. मनगटाचं विणलेलं कापड बदललेलं असलं तर चालतं, ते आधी झिजतंच.

सी १०२: खूप उपकार झाले भाऊजी. पाठीचा आणि पट्टीचा जवळून फोटो काढून पाठवायला सांगते, आला की इथेच टाकते.