ट्रम्पेट सोडून फ्रेंच हॉर्नवर जाझ, पोट भरेल का?

परभणीचा_ट्रम्पेट: आमचा घरचा बँड हाय, लग्नसराईत मी ट्रम्पेट वाजवतो. सध्या जुलियस वॉटकिन्स लई ऐकायलोय, फ्रेंच हॉर्नवर, म्हणजे त्या गोल गुंडाळलेल्या पितळी वाद्यावर, असलं जाझ वाजतंय हे मला माहीतच नव्हतं. आता वाटायलंय की ट्रम्पेट ठेवून हॉर्नच धरावा. बाबा म्हणतेत येडा झालास का. यात करिअर हाय का, खरं सांगा.

पितळी_आवाज: भावा, ट्रम्पेट विकू नको फक्त. वॉटकिन्सनं नवव्या वर्षी हॉर्न धरला तरी १९४० च्या दशकात अर्नी फील्ड्सच्या बँडमधी त्याला ट्रम्पेटच वाजवावा लागला. १९५३ मधी पियानोवाला थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स या जाझवाल्यांसोबत हॉर्नवर रेकॉर्डिंग केलं, पुढं सॅक्सोफोनवाल्या चार्ली राउझला घेऊन स्वतःचा ग्रुप काढला, तो काही वर्षांतच बंद पडला. दुसरा हॉर्नवाला गुंथर शुलर तर जाझचा नावाजलेला ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिससोबत वाजवला, पण पगार ऑपेराच्या ऑर्केस्ट्राचा होता. नुसत्या जाझवर हॉर्नवाल्याचं भागणं अवघडच.

परभणीचा_ट्रम्पेट: मंग वरातीत तरी चालंल का हॉर्न?

पितळी_आवाज: 😂 त्याचं तोंड मागं असतंय, उजवा हात त्यात घालून धरायचा. म्हणजे नवरदेवाच्या पुढं तू चाललास तर नाचणाऱ्या पोरांना काय ऐकू येणार नाही, सगळा आवाज घोड्याला. स्टेजवर पण माइक मागून लावतेत.

निवृत्त_बँडमास्तर: बाळा, वाद्य अवघड आहे हे आधी समजून घे. नळी उलगडली तर साधारण १२ फूट भरते, आणि वरच्या पट्टीत सूर इतके जवळजवळ येतात की ओठ जरा ढिला पडला की शेजारचाच सूर लागतो. ट्रम्पेटची ओठांची सवय जशीच्या तशी चालत नाही, माउथपीसच वेगळा. जाझच्या पळत्या तानांत तर फार फजिती होते. अमेरिकेचा विली रफ मात्र तिथल्या सैन्यात गेल्यावर हॉर्न शिकला, मग येल विद्यापीठात शिकला, पियानोवाल्या ड्वाइक मिचेलसोबत आयुष्यभर जोडी जमवली आणि १९७१ पासून येलमध्येच शिकवलं. तुला नोटेशन वाचता येतं का? नसेल तर तिथून सुरुवात कर, आणि पोलीस भरतीत बँड्समनच्या जागा निघतात त्यावर लक्ष ठेव. सैन्याच्या बँडमध्ये गेलास तर हॉर्न विकत घ्यायचा खर्चही वाचेल, चांगला हॉर्न लाखांत जातो.

परभणीचा_ट्रम्पेट: नोटेशन नाही येत मास्तर, सगळं कानानंच वाजवतो. बाबांना भरतीचं सांगितलं तर लगीच हो म्हणले, जाझचं काही बोललो नाही अजून.