शून्याने भागाकार : बोर्डावर उत्तर शून्य, लॅपटॉपवर प्रोग्राम बंद. ड्रायव्हरने नेमके काय धरून चालावे?

वाळूज_फर्मवेअर (प्रश्न)

नमस्कार. वाळूज औद्योगिक वसाहतीतील आमच्या युनिटमध्ये ठिबक सिंचनाचे कंट्रोलर तयार होतात. त्यांतील बरेचसे जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागांत बसवले जातात. पाण्याच्या मीटरकडून येणाऱ्या दोन पल्समधील टायमरचे अंतर घ्यायचे आणि एका स्थिरांकाला त्याने भागायचे, म्हणजे प्रवाहाचा दर मिळतो. लाईट जाऊन पुन्हा आली, की पहिल्या वाचनात हे अंतर कधी कधी शून्य येते. कॉर्टेक्स-एम४ (एआरएम कुळातील छोटी चिप) च्या बोर्डावर त्या वेळी दर शून्य दिसतो आणि काम चालू राहते. तोच सी कोड लॅपटॉपवरील लायनक्सवर चालवला, तर सिगएफपीई (गणिती चूक झाल्याचा सिग्नल) येऊन प्रोग्राम बंद पडतो. शिवाय ज्या चाचणीत भागाकाराचे उत्तर पुढे कुठेच वापरलेले नाही, ती कंपाइलरच्या ओ२ या ऑप्टिमायझेशन पातळीवर बिनबोभाट पार पडते. यात कंपाइलरचा वाटा किती आणि चिपचा किती?

गोदाकाठ

सी भाषेच्या मानकानुसार पूर्णांकाला शून्याने भागणे हे ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ आहे, म्हणजे अशा वेळी काय घडावे हे मानक ठरवतच नाही; म्हणून कंपाइलर सहसा स्वतःहून कोणतीही तपासणी घालत नाही. तो चिपची भागाकाराची सूचना लिहून मोकळा होतो आणि पुढचे चिप ठरवते. एक्स८६ वर (लॅपटॉपमधील नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) ही सूचना क्रमांक ० चे एक्सेप्शन, म्हणजे चिपने दिलेला चुकीचा इशारा, उठवते आणि लायनक्स त्याचे रूपांतर सिगएफपीईमध्ये करतो. कॉर्टेक्स-एम४ वर मात्र कॉन्फिगरेशन अँड कंट्रोल रजिस्टरमधील बिट ४ सेट केलेला नसेल, तर भागाकार मुकाट्याने शून्य येतो; तो सेट केला, की यूसेज फॉल्ट (चिपचे चुकीबद्दलचे एक्सेप्शन) येतो. ६४ बिट एआरएमवर असा बिटच नाही, उत्तर नेहमी शून्य. रिस्क-व्ही या दुसऱ्या प्रकारच्या चिपवर उत्तराचे सगळे बिट १ होतात, म्हणजे उद्या बोर्ड बदलला तर हाच कोड बंद पाइपमधून प्रचंड प्रवाह दाखवील.

उत्तर न वापरलेला भागाकार कंपाइलर काढूनच टाकतो, त्यामुळे आपल्या त्या चाचणीत भागाकार झालेलाच नाही.

मला जास्त काळजी वाटते ती बोर्डावरच्या शून्याची. पाणी वाहत असताना शून्य दर दाखवणारा मीटर शेतकऱ्याला व्हॉल्व्ह बंद असल्याचे सांगतो, आणि त्या वाचनावर कंट्रोलर पुढचा निर्णय घेतो. प्रोग्राम बंद पडला असता तर निदान चूक कळली असती.

नांदेड_एम्बेडेड

एक भर घालतो. कॉर्टेक्स-एम० मध्ये भागाकाराची सूचनाच नाही. तेथे कंपाइलर लायब्ररीतील फंक्शनला हाक मारतो, आणि भाजक शून्य असेल तर ते फंक्शन ‘एईएबीआय आयडिव्ह झिरो’ या दुसऱ्या फंक्शनकडे जाते. ते आपण स्वतः लिहू शकता.

वाळूज_फर्मवेअर

आभारी आहे. मग तपासणी कुठे ठेवावी? आधी भागून नंतर अंतर शून्य होते का ते पाहिले आणि त्रुटीचा कोड परत दिला, तर चालेल का?

गोदाकाठ

नाही, तपासणी भागाकाराच्या आधीच हवी. भागाकार झाला आहे म्हणजे भाजक शून्य नव्हता, असे गृहीत धरून नंतरची तपासणी गाळण्याची मुभा कंपाइलरला आहे. शून्य आढळल्यावर केवळ लॉग लिहून पुढे भागाकाराकडे जाणेही तितकेच धोक्याचे, कारण तो मार्ग शेवटी अनडिफाइन्ड बिहेवियरलाच पोहोचतो. तेथूनच फंक्शनमधून बाहेर पडावे. लायनक्स कर्नलच्या मोठ्या संख्यांच्या गणिताच्या कोडमध्ये सिग्नल मुद्दाम उठवण्यासाठी एकाला शून्याने भागणारी ओळ एके काळी होती. अशी ओळ कंपाइलर उडवू शकतो, म्हणून त्या युक्तीवर विसंबू नये.

ड्रायव्हरमध्ये आणखी एक बारकावा असतो. टायमरचे रजिस्टर व्होलाटाइल असते, म्हणजे त्याची किंमत प्रोग्रामने न बदलताही बदलू शकते. तपासताना एकदा आणि भागताना पुन्हा वाचले, तर मधल्या क्षणात त्याची किंमत शून्य होऊ शकते. म्हणून रजिस्टर एकदाच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या, तीच प्रत तपासा, तिनेच भागा, आणि शून्य असेल तर दराऐवजी ‘वाचन अवैध’ अशी वेगळी स्थिती परत द्या.

दर चिन्हांकित पूर्णांकात ठेवत असाल, तर सर्वांत लहान ऋण संख्येला उणे एकने भागणेही एक्स८६ वर तेच एक्सेप्शन उठवते. लॅपटॉपवरील चाचण्या ‘इंटिजर-डिव्हाइड-बाय-झिरो’ सॅनिटायझर (चुका पकडणारा कंपाइलरचा पर्याय) लावून बांधा. तो भागाकाराच्या आधी स्वतःची तपासणी घालतो, त्यामुळे उत्तर वापरलेले नसले तरी शून्य भाजक नजरेआड होत नाही.